वाड्याची भिंत आणि ७२० नंबरचं कपाट

"ताई, भिंतीला पोट आलंय!"

गवंडीकाकांनी दोन वर्षांपूर्वी ऐन आषाढात हे सांगितलं, तेव्हा मी बालवाडीच्या मुलांना खिचडी वाढत होते. हातातलं पातेलं तसंच ठेवलं आणि बाहेर जाऊन पाहिलं. रस्त्याकडची लांब भिंत कमरेच्या वर चांगली वीतभर फुगली होती. भिंतीच्या आत पंचवीस मुलं 'ये रे ये रे पावसा' म्हणत होती.

सातारा जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. आमच्या महिला मंडळाची बालवाडी आणि दुपारचा शिवणवर्ग माईंच्या वाड्यात भरतो. माईंनी ऐंशी ओलांडली आहे. मूलबाळ नाही, यजमान जाऊनही बरीच वर्षं झाली. पुढची ओसरी आणि दोन खणी सोपा त्यांनी मंडळाला दिलाय, भाड्याचा एक पैसा न घेता. "पोरांचा आवाज असला की घर खायला उठत नाही," एवढंच त्यांचं म्हणणं.

आठ दिवसांत पत्र आलं. इमारत धोकादायक आहे, महिनाभरात दुरुस्त करा, नाहीतर रिकामी करा. दुरुस्ती करायची तर नकाशा, इंजिनिअरचा दाखला आणि मालकीचे कागद जोडा. मुलांना आम्ही दुसऱ्याच दिवशी देवळाच्या सभामंडपात हलवलं. पण पुढे काय? एका कंत्राटदारानं सल्ला दिला, "वहिनी, मातीत पैसे कशाला घालता? पाडा सरळ. नाहीतर दोन दिवसांत सिमेंटचा गिलावा ओढून देतो, पोट दिसायचं नाही." माईंनी पदरानं डोळे पुसले. "मी आहे तोवर तरी पाडू नका गं."

नेमकी त्याच सुमारास माझ्या नणंदेची मुलगी सुट्टीला आली. ती पुण्यात आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला होती. तिलाही शोधनिबंधासाठी विषय हवाच होता. वाडा बघून ती हरखून गेली. "मामी, यावर कुणीतरी लिहिलं असेलच. थांब, नेटवर बघते." मोबाइलवर 'वाडा' टाकल्यावर काय काय निघावं? पालघर जिल्ह्यातला वाडा तालुका, वाडा नावाची हॉटेलं, वाडा नावाची मंगल कार्यालयं! अर्धा तास शोधून तिनं मोबाइल बाजूला ठेवला. "काहीच नाही गं मामी."

मला मात्र ते पटेना. मी इतिहास घेऊन बी.ए. केलंय. सगळं विसरले असेन, पण कागद कुठेतरी असतोच, एवढं आमच्या सरांनी डोक्यात पक्कं बसवलं होतं. मी पिशवी घेतली आणि गावच्या वाचनालयात गेले.

तुमचं कपाट तिकडे

मैत्रिणींनो, खरं सांगते, त्या वाचनालयाची मी वीस वर्षांची सभासद आहे. पण माझी ये-जा मासिकं, दिवाळी अंक आणि कादंबऱ्या यांच्यापुरतीच. काउंटरवरच्या काकांना म्हटलं, "जुन्या घरांच्या बांधकामावर काही आहे का?" त्यांनी मान वर न करता बोट दाखवलं, "तुमचं कपाट तिकडे, खिडकीपाशी." खिडकीपाशी पाककृती, भरतकाम आणि गृहसजावट! राग आला, पण हसूही आलं. वीस वर्षांत मीसुद्धा त्या कपाटापलीकडे काही मागितलं नव्हतं. त्यांना तरी कसं कळावं?

तेवढ्यात आतून एक तरुण मुलगी आली. ग्रंथालयाचा कोर्स करून नुकतीच तिथे लागली होती. तिनं मला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "ताई, तुम्हाला नक्की काय हवंय? घराचा इतिहास, भिंत दुरुस्त करायचं शास्त्र, की जागेचे कागद?"

मी म्हटलं, "तिन्ही."

"मग तिन्ही तीन वेगळ्या ठिकाणी मिळतील. एका ठिकाणी शोधत बसलात तर काहीच मिळणार नाही."

सगळ्या शोधाची किल्ली या एका वाक्यात होती, हे मला पुढे कळलं.

तिनं मला पुस्तकांच्या पाठीवरचे आकडे वाचायला शिकवले. इतकी वर्षं ते मला वाचनालयाचे खासगी हिशेब वाटायचे. मेलविल ड्यूई नावाच्या अमेरिकन ग्रंथपालानं १८७६ मध्ये ही दशांश पद्धत काढली आणि आपल्याकडच्या कितीतरी ग्रंथालयांत ती आजही चालते. ७२० म्हणजे वास्तुकला. त्यातच ७२८ म्हणजे राहती घरं. ७११ म्हणजे नगररचना. बांधकामाचं शास्त्र मात्र ६९० मध्ये आणि विटा, चुना, लाकूड असं सामान ६९१ मध्ये. भारताचा इतिहास ९५४. म्हणजे घर एकच, पण त्याची कला एका कपाटात, भिंत दुसऱ्या आणि गोष्ट तिसऱ्या! 'वाडा' नावाचा कप्पा कुठेच नाही. मंडळाच्या हळदीकुंकवाच्या यादीमागे मी हे आकडे लिहून घेतले. ती यादी अजून माझ्या पर्समध्ये आहे.

आमच्या वाचनालयात ६९० मध्ये दोनच पुस्तकं निघाली, दोन्ही डिप्लोमाच्या मुलांची, इंग्रजीतली. पण त्या मुलीनं हात झटकले नाहीत. "जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या ग्रंथालयात जा. मंडळाच्या लेटरहेडवर प्राचार्यांना पत्र द्या. पुस्तक घरी नाही देणार, पण बसून वाचू देतील." पत्रात मी काम लिहिलं, दिवस लिहिला, दोघींची नावं लिहिली आणि सही-शिक्का मारला. बसून वाचू दिलं. इतकं सोपं असतं, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

आपलीच चूक

त्या ग्रंथालयात भाचीनं इंग्रजी वाचायचं आणि मला मराठीत सांगायचं, असं आमचं चाललं होतं. विषय होता चुना आणि सिमेंट.

आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत जोतं दगडाचं, वरची भिंत विटांची किंवा पांढऱ्या मातीची आणि वरून चुन्याचा गिलावा. अशी भिंत जमिनीतली ओल शोषून वर चढवते. चुन्याचा गिलावा ती ओल हळूहळू बाहेर सोडतो, म्हणून भिंत वाळत राहते. सिमेंटचा गिलावा घट्ट. त्यातून ओल सहज बाहेर पडत नाही. मग ती आतच कोंडते आणि गिलावा संपतो त्याच्याही वर चढते. आतली माती मऊ होते, वरचं वजन तिला झेपत नाही आणि भिंत फुगते.

भाची वाचत होती आणि माझ्या पोटात खड्डा पडत होता. दहा-बारा वर्षांपूर्वी त्याच भिंतीला ओल यायची म्हणून आम्ही मंडळाच्या बायकांनी घरोघर फिरून वर्गणी काढली होती. बाहेरून कमरेइतका सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. वर पेढेही वाटले होते! आणि आता फुगवटा आला होता बरोब्बर त्या गिलाव्याच्या वर.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आपण चांगलं करायला गेलो आणि भिंत आपणच आजारी पाडली. त्या वेळी कुणी वाचनालयाचा जिना चढलं असतं तर? पण भिंतीविषयी पुस्तकात काही असतं, हेच आमच्या ध्यानीमनी नव्हतं. पुढच्या बैठकीत मी हे सगळ्यांपुढे सांगितलं. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग आमच्या खजिनदार बाई म्हणाल्या, "म्हणजे तो कंत्राटदार आता परत तेच करायला सांगतोय!"

गवंडीकाकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "आमच्या आज्याच्या वेळी बैल जुंपून चुन्याची घाणी फिरायची. चुना मुरवायचे, त्यात सुरखी, गूळ, हिरड्याचं पाणी घालायचे. आता कोण करतंय?" पुस्तकात होतं ते काकांच्या आठवणीतही होतं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. भारतीय मानक संस्थेचं बांधकामाच्या चुन्यासाठी स्वतंत्र मानक आहे, क्रमांक ७१२, हेही भाचीनं शोधून काढलं. इंजिनिअर साहेबांपुढे तो आकडा ठेवल्यावर त्यांनी आमच्याकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं!

घराण्याची गोष्ट आणि कागद

दुसरा प्रश्न इतिहासाचा. माईंच्या सासरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते की वाडा पेशव्यांनी बक्षीस दिला. भाचीला तेच लिहायचं होतं. मी म्हटलं, "थांब, आधी कागद."

इथे आमच्या जिल्ह्याचं एक भाग्य सांगायला हवं. वाईत मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी तिथे बसून हे प्रचंड काम उभं केलं. पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. आता वीसही खंड नेटवर फुकट वाचता येतात. आम्ही सुरुवात 'वास्तुकला' या नोंदीपासून केली. इंग्रजीला घाबरणाऱ्या माझ्यासारखीला याच्याइतकी चांगली पहिली पायरी नाही. शब्द कळले की पुढची पुस्तकं कळतात. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे, तोही एस.टी.नं जाऊन पाहून आलो. ओसरी, चौक, तुळया, कोनाडे हे सगळं डोळ्यांनी पाहिलं आणि मग माईंच्या वाड्यातलं मूळचं काय, नंतर जोडलेलं काय, ते समजायला लागलं.

मग गॅझेटिअर. इंग्रजांच्या काळात जेम्स कॅम्पबेल यांच्या देखरेखीखाली मुंबई इलाख्याची ही जिल्हावार पुस्तकं निघाली. साताऱ्याचा खंड एकोणिसावा, साल १८८५. राज्य शासनाच्या गॅझेटिअर विभागानं ती नेटवर ठेवली आहेत. आमच्या वाड्याचं नाव त्यात नव्हतं, आणि असणार तरी कशाला? पण त्या काळी जिल्ह्यात घरं कशी असत, कुठलं सामान वापरत, याचं वर्णन मिळालं. एक युक्ती सांगते. जुन्या इंग्रजी पुस्तकांत गावांची स्पेलिंगं जुनी असतात. 'पुणे' शोधलं तर मिळत नाही, 'पूना' शोधलं की ढीगभर मिळतं. आपल्या गावाचंही जुनं स्पेलिंग आधी शोधावं.

माईंच्या माळ्यावर एक बाड निघालं, मोडीतलं. गावातल्या एका निवृत्त गुरुजींना मोडी येते. त्यांनी चार संध्याकाळ बसून वाचलं. पेशव्यांचं नाव कुठेच नाही! होते गुळाचे हिशेब, घेण्यादेण्याच्या नोंदी आणि एका कागदावर चुना, सागवान आणि गवंड्यांची मजुरी. वाडा सावकारीच्या पैशातून उभा राहिला होता. माई आधी जरा हिरमुसल्या. मग म्हणाल्या, "चला, कुणाच्या मेहेरबानीचा नाही, घामाचा आहे." त्याच कागदानं आम्हाला भिंत मूळची चुन्याचीच होती, हा पुरावाही दिला.

खात्री करावी म्हणून भाची पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊन आली. इतिहासाचार्य राजवाडे यांच्या पुढाकारानं १९१० मध्ये स्थापन झालेली ही संस्था. शिवाय पुण्यात पेशवे दफ्तर आहे, मोडी कागदांचा समुद्रच. अशा ठिकाणी 'आमच्या वाड्याची माहिती द्या' म्हणून भागत नाही. गाव, त्या वेळचा परगणा, घराण्याचं आडनाव आणि साधारण काळ, हे चार धागे हातात घेऊन जावं लागतं. तिला आमच्या घराण्याचं काही मिळालं नाही. पण शोधनिबंधात "शोधलं, मिळालं नाही" असंही लिहायचं असतं, हे तिच्या मॅडमनी सांगितलं. मला ते फार आवडलं.

भिंतीतल्या एका जुन्या चिरेची गोष्ट तर माईंनीच सांगितली. "ही कोयनेच्या भूकंपाची. पहाटे सगळे अंगणात पळालो होतो." तो भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. म्हणजे चीर जुनी, फुगवटा नवा. इंजिनिअर साहेबांना हा फरक कळणं फार गरजेचं होतं. माणसांच्या आठवणीही लिहून घ्याव्यात, तारीख घालून. माई हेसुद्धा एक ग्रंथालयच आहेत, आणि ते रोज उघडं आहे.

कार्डावर माईंचं नावच नाही

तिसरा प्रश्न जागेचा. त्याची उत्तरं पुस्तकात नाहीत. ती भूमी अभिलेख कार्यालयात. गावठाणाची मोजणी झालेली असेल तर नगर भूमापनाचा नकाशा आणि मिळकत पत्रिका, म्हणजे आपण ज्याला प्रॉपर्टी कार्ड म्हणतो ते, तिथे मिळतं. वाड्याची हद्द, क्षेत्रफळ आणि कुणाचं नाव कधी लागलं, हे त्यात असतं. आर्किटेक्चरच्या मुलांनाही हा नकाशा फार उपयोगी पडतो, कारण घराची मूळ आखणी त्यातून समजते.

नक्कल हातात आली आणि मी दोनदा वाचली. त्यावर माईंचे यजमान आणि दोन दीर, तिघांची नावं होती. तिघंही हयात नाहीत. पंचावन्न वर्षं ज्या बाईनं तो वाडा सारवला, झाडला, ज्याच्या तुळशीपुढे रोज दिवा लावला, त्या माईंचं नाव कुठेच नाही! यजमान गेल्यावर वारस नोंद करायची असते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी विचारलं नव्हतं.

दुरुस्तीची परवानगी त्यामुळे अडली. पुतण्यांना पत्रं पाठवली. एक पुण्यात, एक परदेशात. विकून टाकू, असाही सूर निघाला. माईंच्या नावाची वारस नोंद व्हायला आणि पुतण्यांची संमती यायला आठ महिने लागले. या आठ महिन्यांत मागच्या बाजूचा एक खण पावसात बसला. तो वाचवता आला नाही. कागद आधी पाहिले असते तर कदाचित वाचला असता, ही खंत राहीलच.

पुढची भिंत मात्र वाचली. फुगलेला भाग टेकू देऊन उतरवला, नीट रचला. आमच्या वर्गणीचा तो सिमेंटचा गिलावा आम्ही बायकांनीच उभं राहून काढायला लावला. गवंडीकाकांनी दोन तरुण पोरांना हाताशी घेऊन चुना मुरवला. बालवाडी परत आली.

तुम्हीही जाऊन बघा

मैत्रिणींनो, तुमच्या गावातही असा एखादा वाडा, बारव, धर्मशाळा, नाहीतर शाळेची जुनी इमारत असेल. मुलीला किंवा भाचीला प्रकल्पासाठी माहिती हवी असेल, किंवा नुसतीच घराची भिंत ओली होत असेल. आधी प्रश्न वेगळे करा: इतिहास हवा, बांधकाम हवं, की कागद? मग त्या त्या दारात जा. ग्रंथपालांना पुस्तकाचं नाव न सांगता आपली अडचण सांगा. नाव त्यांना माहीत असतं. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले, त्यात वाचकाचा वेळ वाचवणं हाही एक नियम आहे. तेव्हा विचारताना संकोच नको, तो आपला हक्कच आहे.

घरात मुलांकडे इंटरनेट असेल तर नॅशनल डिजिटल लायब्ररी बघा. आयआयटी खरगपूरनं ती उभी केली आहे. 'शोधगंगा'वर विद्यापीठांतले पीएच.डी.चे प्रबंध वाचायला मिळतात. आमच्या भाचीला वाड्यांबद्दल जे मोबाइलवर सापडलं नव्हतं, ते तिथे इंग्रजीत 'मराठा घरांची वास्तुकला' अशा अर्थाचे शब्द टाकल्यावर सापडलं. प्रबंधाच्या शेवटी संदर्भ पुस्तकांची यादी असते, ती आधी वाचा. एका प्रबंधातून पन्नास पुस्तकांचा पत्ता मिळतो. आणि लॉरी बेकर यांनी मातीच्या घरांवर एक छोटी पुस्तिका लिहिली आहे, 'मड' नावाची. सगळी चित्रं त्यांनी स्वतः काढलेली. इंग्रजी येत नसलं तरी चित्रांवरून बरंच कळतं. आमच्या शिवणवर्गातल्या मुलींनी ती कौतुकानं पाहिली.

आपल्याकडची वाचनालयं काही आजची नाहीत. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. तिथल्या जुन्या कपाटांत काय काय असेल, याचा विचार करा!

भाचीनं वाडा मोजला तेव्हा टेपचं दुसरं टोक बालवाडीच्या सेविकेनं धरलं होतं. तिच्या शोधनिबंधाची एक प्रत आम्ही आमच्या वाचनालयाला दिली. त्यात नकाशे आहेत, माईंच्या आठवणी आहेत, चुन्याचा तो मोडी कागद आहे आणि आमच्या सिमेंटच्या चुकीचंही एक पान आहे. ते पान मी मुद्दाम घालायला लावलं. ग्रंथपाल मुलीनं दाखल नोंदवहीत नोंद केली, पाठीवर ७२८ चा आकडा चिकटवला आणि पुस्तक कपाटात ठेवलं.

काउंटरवरचे काका हे सगळं बघत होते. परवा मी गेले तेव्हा म्हणाले, "ताई, एक बाई आल्या होत्या. त्यांच्या घराला ओल येतेय म्हणाल्या. मी त्यांना तुमचं कपाट दाखवलं." आणि हसत त्यांनी ७२८ कडे बोट केलं.